आई आज कुठल्या सालात आहे?

*ताई,*

*माझी आई ७२ वर्षांची. बँकेत कॅशियर होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. तेव्हा नुसतं विसरणं होतं, निभावून जायचं. गेल्या चार-पाच महिन्यांत मात्र सगळंच पालटलंय. आंघोळीला नको म्हणते. संध्याकाळ झाली की "मला घरी सोड" म्हणत दाराशी उभी राहते, आणि हे घर तिनंच बांधलंय! पाकीट स्वतः कुठेतरी खुपसून ठेवते आणि चोर ठरते मी. परवा माझ्या मैत्रिणीसमोर म्हणाली, "ही बाई माझे पैसे घेते." ही बाई! दादा परगावी असतो, दोन महिन्यांनी एकदा येतो, दुपारभर बसतो. त्याच्याशी ती इतकं छान बोलते की जाताना तो मलाच सुनावतो, "तू उगाच बाऊ करतेस." मागच्या आठवड्यात ती एका संध्याकाळी चौथ्यांदा आजीकडे जायला निघाली तेव्हा माझा तोल सुटला. ओरडले, "आजीला जाऊन तीस वर्षं झाली!" आई लहान पोरीसारखी रडली. आणि अर्ध्या तासानं पुन्हा, "आई कुठेय माझी?" डॉक्टर म्हणतात, मधली पायरी आहे. पण पुढे काय, किती वर्षं, आणि ती हे मुद्दाम करते का, काही कळत नाही. खरं सांगू? उद्या मलाही हेच होणार का, या विचारानं झोप लागत नाही.*

*– आईची 'ही बाई'*

पत्राखालची सही वाचली आणि तुला अहोजाहो करणं जमेना, म्हणून 'तू'च म्हणते.

मुद्दाम करते का, हे आधी. नाही. मुद्दाम काही करायचं तर मागचं लक्षात ठेवावं लागतं, पुढचं ठरवावं लागतं, समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अदमास घ्यावा लागतो. तुझ्या आईची नेमकी हीच खाती बंद पडत चालली आहेत. डाव रचण्याइतकी ती धड असती तर तुझ्यावर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

आणि पाकीट लपवणं, संशय घेणं, हे तर या आजाराच्या अगदी पहिल्या नोंदीतच आहे. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ते डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिचं दुखणं सुरू झालं तेच नवऱ्यावरच्या संशयानं. घरातल्या वस्तू ती इकडून तिकडे ओढायची, दडवून ठेवायची. अलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिला नाव विचारलं. "ऑगुस्ते." आडनाव? "ऑगुस्ते." नवऱ्याचं नाव? "ऑगुस्ते, वाटतं." १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेनमधल्या डॉक्टरांच्या सभेत तो मांडला. ऐकणाऱ्यांपैकी कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही म्हणतात. १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. ती कुठली, तुझी आई कुठली, मध्ये सव्वाशे वर्षं. तरी दोघी वस्तू दडवतात आणि दोघी घरातल्याच माणसावर संशय घेतात. हा स्वभाव असता तर इतका सारखा निघाला नसता.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की आईचं निम्मं वागणं आपोआप उलगडतं. मेंदूत दोन प्रथिनं बिघडतात. बीटा-अमायलॉइड नावाचं पेशींच्या बाहेर साचत जातं, आणि टाऊ नावाचं पेशींच्या आत दोऱ्यासारखं गुंतत जातं. पेशी आधी एकमेकींशी बोलेनाशा होतात, मग मरतात. हे लक्षणं दिसण्याच्या १५-२० वर्षं आधीपासून चाललेलं असतं. म्हणजे तुझी आई काउंटरवर बसून नोटा मोजत होती, एका नोटेचाही फरक येऊ देत नव्हती, तेव्हाच सुरुवात झालेली असणार. 'तेव्हाच लक्षात यायला हवं होतं' असं मनात येत असेल तर काढून टाक. कुणाच्याच आलं नसतं.

टाऊचा गुंता सहसा हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या भागात आधी दिसतो. हिप्पोकॅम्पस म्हणजे आजचा व्यवहार खात्यावर चढवणारा कारकून समज. तो उठून गेला, पण जुन्या वह्या अजून कपाटात आहेत. म्हणून सकाळी काय झालं ते आईला दुपारी ठाऊक नसतं आणि शाळेतल्या बाईंचं नाव मात्र ती खडाखडा सांगते. पुढे कपाटालाही कसर लागते, तीसुद्धा वरच्या, म्हणजे अलीकडच्या वहीपासून. तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १८८१ मध्येच हे लिहून ठेवलं होतं: नवं आधी जातं, जुनं शेवटी.

आता संध्याकाळचं ते 'घर' बघ. तुम्ही राहता ते घर आईच्या चाळिशीतल्या वहीत आहे, आणि संध्याकाळी दमल्यावर ती वही तिला सापडत नाही. हाताला लागते ती आठव्या-दहाव्या वर्षाची. त्या वहीत घर म्हणजे तिच्या आईचं घर, आणि आई जिवंत. तू 'ही बाई' का झालीस, तेही यातच आहे. आई आपली मुलगी विसरलेली नाही. ती शोधते आहे एका लहान, शाळेत जाणाऱ्या मुलीला, आणि समोर उभी आहेस तू, पोक्त, केस पांढरे व्हायला लागलेली. तिच्या हिशेबानं तू तिची मुलगी असूच शकत नाहीस. उद्या आरशातल्या म्हातारीकडे बघून "ही कोण आत आली?" म्हणाली तरी दचकू नकोस, आरशावर एक कापड टाक. रोज तिच्याशी बोलायच्या आधी मनात एकच विचार: आई आज कुठल्या सालात आहे?

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, नऊ वर्षं या आजारात होते. शर्टाच्या गुंड्या लावायला त्यांना वेळ लागू लागला ते दिवस मला चांगले आठवतात. तिसरी गुंडी चौथ्या काजात जायची. मग ते सगळ्या काढायचे आणि पुन्हा वरून सुरू करायचे. चिडचिड नाही, काही नाही, जणू तेच त्या दिवसाचं काम. मला कामावर जायची घाई. मी पुढे होऊन पटापट लावून टाकायची. दोन-तीन महिने असं केलं, आणि एका सकाळी ते दोन्ही हात बाजूला धरून नुसते उभे राहिले. गुंड्यांना हातच लावला नाही. ते आजारानं नेलं की मी, हे मला आजही सांगता यायचं नाही. आणि त्याच दिवसांत मी त्यांना दिवसातून दहा वेळा विचारत होते, "अण्णा, आज वार कोणता? सांगा बरं." म्हणजे जे गेलं होतं ते मागत होते आणि जे शिल्लक होतं ते काढून घेत होते. तुझं पत्र वाचताना मला तुझ्या घरातही थोडं हेच दिसलं. आजी गेल्याचं तू तिला आठवायला लावतेस. ते आता व्हायचं नाही. पण तिच्या हातात अजून काय आहे याबद्दल पत्रात एक ओळही नाही.

पायऱ्यांचं म्हणशील तर सुरुवातीची, मधली आणि शेवटची हे डॉक्टरांच्या सोयीचं आहे, घरच्या माणसाला त्यातून फार हाती लागत नाही. त्यापेक्षा रोजची कामं कुठल्या क्रमानं सुटतात ते बघावं. बॅरी राइसबर्ग या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी हा क्रम बारकाईनं मांडला आहे. आधी सुटतात गुंतागुंतीची कामं: पैशांचा व्यवहार, प्रवासाची आखणी, चार माणसं येणार म्हणून करायची तयारी. मग हवामान आणि प्रसंग बघून कपडे निवडणं. त्यानंतर कपडे अंगात घालणं, मग आंघोळ, मग शौचाला जाऊन आल्यावरची स्वच्छता, मग लघवीवरचा ताबा आणि त्यामागून शौचावरचा. त्याच्याही पुढे शब्द आटत जातात, दिवसाला जेमतेम पाच-सहा, मग एखाददुसरा. चालणं जातं. आधाराशिवाय बसणं जातं. हसू त्याच्याही नंतर. लहान मूल ज्या क्रमानं हे शिकतं, साधारण त्याच्या उलट. (पण म्हणून आईशी बोबडं बोलू नकोस. तिला वय कळेनासं झालं असेल, अपमान कळतो.)

तुझी आई आंघोळीपाशी आली आहे, म्हणजे पुढचा दरवाजा शौचालयाचा. तयारी आत्ताच कर. आधाराचा दांडा बसवून घे, रात्री दिवा राहू दे, आणि कमोडची बैठक मागच्या फरशीपेक्षा वेगळ्या, ठळक रंगाची बसव. पांढऱ्यावर पांढरं तिला दिसतच नाही. डोळे ठीक असले तरी डोळ्यांनी पाठवलेलं वाचणारा मेंदू चुकतो, खोलीचा अंदाज जातो. दारातलं गडद पायपुसणं तिला खड्डा वाटू शकतं. ती तिथे अडून बसली तर हट्ट समजू नकोस, पायपुसणं उचल.

हा क्रम माहीत असण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मी ठेच लागून शिकले. अण्णा एका आठवड्यात अचानक बिघडले. दिवसा ग्लानी, रात्री हवेत काहीतरी पकडणं, कपड्यात लघवी. तोवर ते कपडे स्वतःचे स्वतः बदलत होते. मी समजले, आली पुढची पायरी. चार दिवस तशीच रडत बसले. होता मूत्रमार्गाचा संसर्ग. औषध झालं आणि ते बरेचसे पूर्ववत झाले. अल्झायमर महिन्यामहिन्यांनी उतरतो, दोन दिवसांत कोसळत नाही. पायरी सोडून उडी पडली किंवा एकदम घसरण झाली तर दुसरं कारण शोधायचं: संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, पडल्यानं डोक्याला लागलेला मार, सांगता न येणारी दुखणी, नवं सुरू झालेलं औषध. सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या, काही झोपेच्या आणि लघवीसाठीच्या गोळ्या मेंदूला आणखी धुक्यात ढकलतात. आईच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओत. थायरॉइड आणि बी-१२ तपासलं नसेल तर तेही विचार.

किती वर्षं, हे तू विचारलंस. निदानानंतर बहुतेक जण चार ते आठ वर्षं काढतात, काही वीसही काढतात. सर्वांत लांबते ती बहुधा मधलीच पायरी, जी आत्ता तुझ्या घरात आहे. म्हणजे हे दिवस कसेबसे ढकलायचे आहेत असं समजून चालणार नाही, यातच राहायचं आहे. तशी व्यवस्था लावावी लागेल.

संध्याकाळचं बघू. या वेळी बिघडणं इतकं ठरलेलं असतं की इंग्रजीत त्याला 'सनडाउनिंग' असं नावच पडलं आहे. दिवसभराचा शीण, अंधूक उजेड, लांब सावल्या, आणि मेंदूतलं बिघडलेलं घड्याळ, सगळं एकदम. ती दाराशी जाऊन उभी राहिल्यावर काही करण्यापेक्षा तासभर आधी करावं. अंधारायच्या आधी घरातले सगळे दिवे लाव, पडदे ओढ. टीव्हीवरच्या बातम्या बंद. दुपारी तिला उन्हात थोडं चालवून आण आणि दुपारची झोप आखूड ठेव. तरी निघालीच तर "हेच तर घर आहे" म्हणू नकोस. तिच्यासाठी ते खोटं आहे, आणि खोटं बोलणाऱ्या बाईसोबत कोण राहील? "घरची आठवण आली का गं?" म्हण. "कसं होतं तुझं घर? अंगण होतं?" बोलत बोलत दोघी बाहेर एक चक्कर मारा आणि त्याच दारातून परत या. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं. नेहमी होईलच असं नाही.

आजीबद्दल विचारते तेव्हा खरं सांगायचं की खोटं? तू ओरडलीस त्याची टोचणी पत्रात दिसते. ओरडलीस हा भाग वेगळा, पण हळू आवाजात सांगितलं असतंस तरी तिला ती बातमी त्याच क्षणी नवी होती. दिवसातून चार वेळा विचारलं तर चार वेळा तिची आई मरणार. आणि ते दुःख मनात किती राहतं, हे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी नीट दाखवलं. अल्झायमरच्या रुग्णांना त्यांनी दुःखाच्या आणि आनंदाच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळानं काय पाहिलं ते त्यांना सांगता येईना, पण मन खिन्न किंवा खूश होतं ते तसंच राहिलं. तेव्हा तुझा ओरडा आई अर्ध्या तासात विसरली, पण त्या संध्याकाळची भीती विसरली नसेल. आणि तू तिचे केस विंचरून दिलेस, ती गोष्ट जाईल आणि बरं वाटणं राहील. माझं मत सांगते: "आजी बाहेरगावी गेलीय, रविवारी येईल" अशी लांबलचक गोष्ट रचू नकोस. रविवारी तूच अडकशील. "तुला आई हवीशी वाटतेय ना? मला सांग ना, ती कशी होती" एवढं पुरतं. यात खोटं काहीच नाही.

पाकिटाचं सोपं आहे. तिनं ते जपून ठेवलं, ठेवल्याची नोंद चढली नाही. आता पाकीट नाही, आणि स्वतः ठेवल्याचं आठवत नाही, म्हणजे कुणीतरी घेतलं. आणि घरात सतत कोण असतं? तू! जी जवळची तीच चोर, हे या आजाराचं अन्यायाचं गणित आहे. सफाई देऊ नकोस. "अरे देवा, शोधू या" म्हण आणि तिच्याबरोबर शोध. तसंच दिसणारं दुसरं पाकीट आणून ठेव, चष्म्याचंही तेच. तिच्या लपवायच्या जागा ठरलेल्या असतील, उशीचा अभ्रा, सपाता, जुनी पर्स. त्या पाठ कर. कचरा टाकण्यापूर्वी डबा चाचपून बघ.

आंघोळीवर जरा थांबते, कारण निम्म्या घरांत भांडण इथे पेटतं. आंघोळ आपल्याला एक काम वाटतं, ती वीसेक कामांची साखळी आहे, आणि मधली एक कडी निसटली की सगळंच भीतीचं होतं. शिवाय थंडी, डोक्यावरून पडणारं पाणी, आणि एका 'बाई'समोर कपडे काढणं. "आंघोळ करतेस का?" असं विचारूच नकोस, उत्तर 'नाही' येणार किंवा 'केली' येणार. न्हाणीघर आधी गरम कर, टॉवेल, कपडे सगळं आत ठेव, मग "चल, पाणी तयार आहे" म्हणून हात धर. खांद्यावर मोठा टॉवेल असू दे, पाण्यातही असू दे, तो भिजला तर भिजला. पाणी पायापासून सुरू कर, डोकं शेवटी, किंवा डोकं वेगळ्या दिवशी. एका वेळी एकच वाक्य. "हात पुढे कर." थांब. तिला कळायला जितका वेळ लागेल तितकी थांब; आपल्याला तो फार वाटतो. साबण लावलेला कपडा तिच्या हातात दे, ती जेवढं चोळेल तेवढं. अजिबात नको म्हणाली तर ओल्या कपड्यानं अंग पुसून दे आणि उद्या बघ. आठवड्यातून दोन आंघोळींनी कुणाचं बिघडत नाही.

दादा खोटं बोलत नाहीये, एवढं मात्र मानून घे. पाहुणा आला की शिष्टाचार, ठरलेली वाक्यं, हसणं, हे सगळं उसनं अवसान आणून तास-दोन तास उत्तम जमतं, कारण ते जुन्या वहीतलं आहे. तो गेल्यावर ती जी कोलमडते, ते तो बघत नाही. त्याला समजावत बसू नकोस. त्याला शुक्रवार ते सोमवार घरी ठेव आणि तू तीन रात्री मैत्रिणीकडे जाऊन राहा. फोन करून सूचना देऊ नकोस. सोमवारी त्याला काहीही सांगायची गरज राहणार नाही, आणि खर्चाचं, आईला आळीपाळीनं सांभाळायचं बोलणंही तेव्हाच सुरू कर. त्याच भेटीत वकिलाकडे जाऊन या. मृत्युपत्र, व्यवहाराचे अधिकार, आणि शेवटच्या दुखण्यात आईला काय हवं, काय नको, हे तिला सांगता येण्याजोगं अजून असेल तर आत्ताच, सकाळच्या वेळी, डॉक्टरांच्या मताने. ही संधी फार दिवस उघडी राहत नाही. आणि हो, गॅसचा मुख्य खटका तिच्या हाताला लागणार नाही असा, गाडीची किल्ली नजरेआड, आणि तिच्या प्रत्येक कपड्यात तुझा फोन नंबर शिवलेला.

औषधांबद्दल पत्रात नाही, पण विचारशील. डोनेपेझिलसारख्या गोळ्या आणि मेमँटिन काही काळ थोडा टेकू देतात, आजार थांबवत नाहीत. चालू असतील तर मनानं बंद करू नकोस. बातम्यांत दिसणारी नवी औषधं, २०२३ चं लेकानेमॅब आणि २०२४ चं डोनानेमॅब, ही अगदी सुरुवातीच्या रुग्णांसाठी आहेत. लेकानेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्के मंदावली, पण काहींच्या मेंदूत सूज आणि रक्तस्रावही दिसला. तुझ्या आईची पायरी पाहता ती तिच्यासाठी नाहीत. त्यासाठी घर विकायचा विचार करू नकोस. संतापलेल्या रुग्णाला शांत करायला दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी अशा वृद्धांत पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधी लागल्याच तर कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, आणि 'बंद कधी करायची' हे सुरू करतानाच विचारून ठेव.

शेवटच्या टप्प्याबद्दल लोक बोलत नाहीत, मी बोलते. ती बहुधा अंथरुणाला खिळेल, गिळायला अडेल, घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होईल. अल्झायमरचे बरेच रुग्ण यानंच जातात. तेव्हा कुणीतरी नळीनं अन्न द्यायचं सुचवेल. या टप्प्यात नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं आढळलेलं नाही. हातानं, सावकाश, बसतं करून, जेवढं घेईल तेवढं भरवणं, हेच बहुतेक तज्ज्ञ सांगतात. आजच ठरवू नकोस, पण वाचून ठेव.

आता तुझी रात्रीची भीती. आईला निदान सत्तरीत झालं. आई-वडिलांकडून आलेल्या एका बिघडलेल्या जनुकामुळे जवळजवळ हमखास होणारा अल्झायमर एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत असतो आणि तो बहुधा खूप लवकर, पन्नाशीच्या आसपास किंवा त्याआधीच दिसतो. तुमच्या घरात तसं दिसत नाही. आईला आहे म्हणून तुझा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त, एवढंच. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली: रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बैठी राहणी, एकटेपण वगैरे. त्या सगळ्यांवर काम झालं तर स्मृतिभ्रंशाच्या साधारण ४५ टक्के घटना टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात कमी ऐकू येणंही आहे, ज्याकडे आपण हसून दुर्लक्ष करतो. तेव्हा रक्तदाब मोजून घे आणि कान तपासून घे. आईचेही तपास. ऐकू न आल्यानं ती किती गोंधळते आहे हेही कळेल. बाकी, चावी विसरणं म्हणजे अल्झायमर नव्हे. चावी हातात धरून ती कशासाठी असते हे न कळणं वेगळं.

तू किती महिने सलग झोपलेली नाहीस, हे मला पत्रावरून कळतं. ज्या क्षणी हात उगारावासा वाटेल त्या क्षणी, ती सुरक्षित आहे एवढं बघून, दुसऱ्या खोलीत जा. पाच मिनिटं. परत येशील तेव्हा तिच्यासाठी ते नवं येणं असेल.

अण्णा छापखान्यात होते. शेवटच्या दोन वर्षांत माझं नाव त्यांना येत नव्हतं, पण कागदांचा गठ्ठा समोर ठेवला की ते एकेक कागद घेऊन घडी घालायचे, कडेला कड जुळवून, अंगठ्याच्या नखानं रेघ दाबून. तासभर. मी संध्याकाळी त्या घड्या मोडून सकाळी पुन्हा तोच गठ्ठा द्यायची. तुझी आई कॅशियर होती ना? नोटांच्या आकाराचे कोरे कागद कापून घे, शंभर-दोनशे, रबरबँड आणि एक छोटा ओला स्पंज. उद्या चार वाजता, दिवे लावायच्या आधी, टेबलावर ठेव आणि म्हण, "हे जरा मोजून देतेस का? मला जुळत नाहीये."